कॅल्शियम जास्त, ‘डी’ कमी: मग गोळी घ्यायची की थांबवायची?

नमस्कार डॉक्टर,

मी ६१ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराडजवळ राहते. तीन वर्षांपासून गुडघे दुखतात. सुरुवातीला झीज आहे असं सांगितलं. व्हिटॅमिन डी तपासलं तर १३ निघालं. साठ हजाराचं पाऊच आठवड्याला एक, असं दोन महिने घ्यायला सांगितलं आणि सकाळ-संध्याकाळ कॅल्शियमची गोळी. दोन महिन्यांत काही फरक वाटला नाही, म्हणून पुढे मीच आठवण येईल तसं चालू ठेवलं. गेल्या वर्षभरात दोनदा उजवा गुडघा एका रात्रीत सुजून लाल झाला, पाय टेकवेना. एकदा मनगटही तसंच झालं. आठ-दहा दिवसांत आपोआप उतरलं. युरिक ॲसिड नॉर्मल आहे, आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह. एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘काँड्रोकॅल्सिनोसिस’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही.

मागच्या महिन्यात पुण्याला मुलीकडे गेले तेव्हा सगळ्या तपासण्या करून घेतल्या. कॅल्शियम ११.३ आलं (लॅबची मर्यादा १०.२), व्हिटॅमिन डी १७. जावई म्हणतात, कॅल्शियम वाढलंय, दूधदुभतं बंद करा. मैत्रीण म्हणते, डी कमी आहे, पाऊच रोज घे. मी दूध, ताक, नाचणी सगळं सोडलंय. बीपीची गोळी चालू आहे. सहा वर्षांपूर्वी मूतखडा झाला होता. पोट साफ होत नाही, तहान फार लागते, रात्री तीन-चारदा लघवीला उठते. मन कशात लागत नाही, वयामुळे असेल. खाण्यातलं कॅल्शियम सांध्यात साचलंय का? नाचणीची भाकरी खाऊ की नको, एवढं तरी सांगा.

एक वाचक

—

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नजर ११.३ या आकड्यावर थांबली. दुसऱ्यांदा थांबली ती मूतखड्यावर, तहानेवर आणि ‘मन कशात लागत नाही’ या शब्दांवर. ‘वयामुळे असेल’ म्हणून तुम्ही जे पत्राच्या शेवटी लिहून टाकलंत, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुडघे, मूतखडा, पोट, झोप, मन ही पाच वेगळी दुखणी नसून त्यांचं मूळ एकच असण्याची बरीच शक्यता आहे. ते शोधायला एक तपासणी लागते आणि ती तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही. तिचं नाव पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईड हार्मोन. या पत्राला एका वाक्यात उत्तर द्यायचं तर ते असं: पाऊच वाढवण्याआधी आणि दूध तोडण्याआधी पीटीएच तपासा.

आता हे का, ते सविस्तर सांगते. कारण समजलं की घरातल्या सल्ल्यांमध्ये तुमची ओढाताण होणार नाही.

रक्तातलं कॅल्शियम म्हणजे आपण किती कॅल्शियम खाल्लं याचा हिशेब, असं बहुतेकांना वाटतं. तसं ते नाही. शरीरातलं जवळजवळ ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात फिरणारा वाटा अगदी थोडा, पण हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, नसांचे संदेश हे सगळं त्या थोड्याशा वाट्यावर चालतं. म्हणून शरीर तो डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं. हे काम गळ्यात, थायरॉईडच्या मागे असलेल्या चार छोट्या ग्रंथी करतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या एकेक. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की त्या पीटीएच सोडतात. पीटीएच तीन ठिकाणी काम करतं: हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, लघवीवाटे जाणारं कॅल्शियम मूत्रपिंडाला अडवायला लावतं, आणि साठ्यातल्या व्हिटॅमिन डीचं ‘कामाच्या’ डीमध्ये रूपांतर करायला लावतं. त्या कामाच्या डीमुळे आतडी अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषून घेतात. पातळी सावरली की ग्रंथी गप्प बसतात. निरोगी माणसाने दोन पेले दूध जास्त प्यायलं म्हणून रक्तातलं कॅल्शियम ११ वर जात नाही, ते या राखणदारीमुळे.

मग तुमचं ११.३ आहे तर या ग्रंथींनी आत्ता काय करायला हवं? पूर्ण गप्प बसायला हवं. पीटीएच अगदी तळाला जायला हवं. ते तसं गेलंय की नाही, हेच आपल्याला बघायचं आहे. ते वर असेल तर चारपैकी एखादी ग्रंथी मोठी होऊन कुणाचं न ऐकता हार्मोन सोडत राहिली आहे. या आजाराला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. साठीच्या आसपासच्या बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसतो.

इथे एक जागा अशी आहे जिथे चांगले चांगले फसतात, म्हणून नीट लक्षात ठेवा. पीटीएचची लॅबची मर्यादा साधारण १५ ते ६५ असते. समजा तुमचं ५२ आलं. रिपोर्टवर ना बाण, ना ठळक अक्षर. बघणारा म्हणेल, नॉर्मल आहे. पण कॅल्शियम ११.३ असताना ५२ हे नॉर्मल नाही. शाळा सुटून सगळी मुलं घरी गेल्यावर एका वर्गात पंखा फिरत राहिला असेल तर पंखा किती वेगाने फिरतोय हा प्रश्नच नाही, तो चालू का आहे हा प्रश्न आहे. म्हणून कॅल्शियम आणि पीटीएच एकाच वेळी काढलेल्या रक्तात, शेजारी शेजारी ठेवून वाचायचं.

आता डी कमी का? तुम्हाला सगळ्यात जास्त गोंधळात याच जोडीने टाकलंय. कॅल्शियम वाढलेलं आणि डी घटलेलं, हे उलटसुलट वाटतं. पण या आजारात नेमकं असंच दिसतं. वाढलेलं पीटीएच साठ्यातलं डी भराभर कामाच्या डीमध्ये बदलत राहतं, त्यामुळे साठा लवकर संपतो. लॅबमध्ये आपण मोजतो तो हा साठा (रिपोर्टवर ‘२५-हायड्रॉक्सी’ असं लिहिलेलं असतं). त्यात आपल्याकडे भरपूर ऊन असूनही डीची कमतरता घरोघर आहे, म्हणजे साठा मुळातच बेताचा. ‘डी कमी आहे म्हणून सांधे दुखतात, डी भरा की कॅल्शियम जागेवर येईल’ हा सरळ हिशेब तुमच्या बाबतीत लागू पडेलच असं नाही.

तुम्ही अधूनमधून घेतलेल्या पाऊचमुळे कॅल्शियम वाढलं का, ही धास्ती मात्र सोडा. डीची विषबाधा होते तेव्हा साठ्याचा आकडा बहुधा १५० च्या वर गेलेला असतो. तुमचा १७ आहे. पण एक काम आजच करा: कॅल्शियमच्या गोळीची पट्टी घ्या, चष्मा लावा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या कॅल्शियमच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये ‘कॅल्सिट्रिऑल’ही घातलेलं असतं. हे आधीच कामाला लागलेलं डी. त्याला मूत्रपिंडाच्या परवानगीची गरज नसते आणि साठ्याच्या तपासणीत ते दिसतही नाही. दिवसाला दोन-दोन गोळ्या महिनोन्‌महिने पोटात गेल्या आणि तपासणीत डी कमीच दिसतंय म्हणून वर आणखी पाऊच, असं झालं की कॅल्शियम चढू शकतं. तुमच्या गोळीत ते असेल किंवा नसेल, पीटीएचचा निकाल हाती येईपर्यंत कॅल्शियमची गोळी आणि पाऊच दोन्ही बंद ठेवा. ज्यांनी लिहून दिल्या त्या डॉक्टरांना तसं कळवाही.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचं आहे, कारण तो सल्ला आज घराघरांत दिला जातो. साठ हजार युनिटचं पाऊच आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, हा कमतरतेवरचा रूढ उपचार आहे. रोज एक म्हणजे त्याच्या सातपट. मी एका आजोबांना तपासलं होतं. चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ घरात कुणाच्या लक्षात आलं नाही आणि ते अडीच महिने दुधातून रोज एक पाऊच घेत राहिले. आमच्याकडे आणलं तेव्हा जीभ कोरडी, उलट्या, बोलणं असंबद्ध, आणि मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलेलं. घरच्यांना वाटत होतं, वयाने भ्रम झालाय. डी चरबीत साठतं, त्यामुळे पाऊच थांबवल्यावरही कॅल्शियम लगेच उतरत नाही. त्यांचं जागेवर यायला कित्येक आठवडे गेले. ते बरे झाले, पण त्यांच्या मुलीच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा मला अजून आठवतो. दोष तिचा नव्हता. ती चिठ्ठी तिला कुणी नीट वाचून दाखवली नव्हती.

मोठा डोस म्हणजे मोठा फायदा, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट डी दिलं होतं, उरलेल्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. डी घेतलेल्या गटात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं. आपल्याकडे सहा लाखांचं इंजेक्शन ‘एकदाच घेऊन टाका’ म्हणून देतात, तेव्हा मला दर वेळी हा अभ्यास आठवतो. गुडघ्याच्या झिजेवर डी देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचण्यांमध्येही दुखणं किंवा कूर्चेची झीज कमी झाल्याचं ठामपणे दिसलेलं नाही. डीची खरी कमतरता भरून काढायलाच हवी, ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. गुडघेदुखीचं औषध म्हणून नव्हे.

आता तुमच्या सांध्यांकडे येते. ‘काँड्रोकॅल्सिनोसिस’ म्हणजे कूर्चेत क्षार साचणं. गुडघ्याच्या दोन हाडांमध्ये जी गादी असते, ती एक्स-रेत एरवी दिसत नाही. तिच्यात कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे बारीक स्फटिक बसले की तिथे पांढरी रेघ उमटते. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूलाही अशी रेघ बऱ्याचदा सापडते, आणि तुमचं मनगटही सुजलं होतं. हे स्फटिक वर्षानुवर्षं शांत पडून राहू शकतात. साठीनंतर कितीतरी जणांना रेघ असते पण दुखणं नसतं. पण कधी त्यातले काही सुटून सांध्यातल्या पाण्यात येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि रात्रीत गुडघा टम्म फुगतो, लाल होतो, चादरीचा स्पर्श सहन होत नाही. दिसायला हुबेहूब गाऊट (युरिक ॲसिड वाढून होणारा संधिवात), पण युरिक ॲसिड नॉर्मल. म्हणून याला स्यूडोगाऊट, म्हणजे खोटा गाऊट म्हणतात. तुमच्या उजव्या गुडघ्याच्या आणि मनगटाच्या गोष्टीशी हे बरंच जुळतं.

खाण्यातलं कॅल्शियम सांध्यात साचलं का, असं तुम्ही विचारलंत. नाही. दूध-ताकातलं कॅल्शियम गुडघ्यात जाऊन बसत नाही. या स्फटिकांचं सगळ्यात नेहमीचं कारण वाढतं वय, आणि काही घराण्यांत ते आनुवंशिक असतं. पण त्यामागे कधी कधी शरीरातली एखादी दुरुस्त करता येण्याजोगी गडबड असते. तशा मोजक्याच आहेत: पॅराथायरॉईडचा अतिरेक, मॅग्नेशियम कमी असणं, शरीरात लोह फार साठणं, आणि क्वचित अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जन्मतः फार कमी असणं. सांध्यातल्या रेघेचा रिपोर्ट आणि कॅल्शियमचा रिपोर्ट दोन वेगळ्या फायलींत राहिले, ते एकमेकांशेजारी ठेवले गेले नाहीत, याचं मला वाईट वाटतं. असं फार वेळा होतं. हाडांचे डॉक्टर गुडघा बघतात, खडा काढणारे डॉक्टर खडा बघतात, आणि रक्ताचा रिपोर्ट मुलगी मोबाइलवर बघते.

पुढचा झटका आला तर घरी वाट बघत बसू नका. सांध्यातलं थोडं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की स्फटिक ओळखता येतात आणि जंतुसंसर्ग नाही याचीही खात्री होते. ताप आणि थंडी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग झालेला सांधा काही दिवसांत कायमचा खराब होऊ शकतो. साधा झटका असेल तर पाणी काढणं, बर्फाचा शेक, एक-दोन दिवस आराम, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा कमी डोसात कोल्चिसिन, यातलं काय योग्य ते डॉक्टर ठरवतील. मेडिकलमधून मनाने पेनकिलर मात्र घेऊ नका. कॅल्शियम वाढलेलं असताना मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात बीपीची गोळी चालू आहे, आणि पेनकिलर त्यावरचा तिसरा घाव ठरते.

त्या बीपीच्या गोळीचीही पट्टी वाचा. ‘हायड्रोक्लोरोथायझाइड’ किंवा ‘क्लोरथॅलिडोन’ असे शब्द असतील (पुष्कळ जोडगोळ्यांत ते दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेले असतात) तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. ही औषधं लघवीवाटे जाणारं कॅल्शियम रोखतात, त्यामुळे रक्तातलं थोडं वाढू शकतं. ती स्वतःहून बंद करू नका, बीपी उसळेल. डॉक्टर दुसरी गोळी बदलून देतील आणि काही आठवड्यांनी कॅल्शियम पुन्हा तपासतील. तेव्हाही ते वरच राहिलं, तर गोळीने आजार निर्माण केला नव्हता, दडलेला वर आणला होता, असं समजायचं.

तपासणीला जाताना सकाळी उपाशीपोटी जा. रक्त काढणाऱ्याने दंडाला पट्टा करकचून, फार वेळ बांधून ठेवला तर कॅल्शियम खोटंच थोडं चढतं, तेव्हा त्याला सांगायला संकोचू नका. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा, ती पीटीएच आणि डी दोन्हींचे आकडे चुकवू शकते. एकाच रक्तात कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच आणि डी हे सगळं करून घ्या. अल्ब्युमिन यासाठी की कॅल्शियमचा जवळपास निम्मा भाग रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटून फिरतो. अल्ब्युमिन कमी असेल तर खरं कॅल्शियम दिसतं त्याहून जास्त असतं. शिवाय २४ तासांची लघवी साठवून तिच्यातलं कॅल्शियम. हा कॅन घरात ठेवणं कटकटीचं वाटतं आणि बरेच जण टाळतात, पण तो टाळू नका. काही घराण्यांत जन्मतःच रक्तातलं कॅल्शियम थोडं जास्त असतं, त्याचा त्रास होत नाही आणि त्याला ऑपरेशनही लागत नाही. त्यांची ओळख या कॅनमधूनच पटते, लघवीतलं कॅल्शियम अगदी कमी निघतं. तुम्हाला खडा झाला होता, त्यामुळे तुमचं तसं नसावं, पण मानेवर सुरी चालवण्याआधी खात्री हवी.

पीटीएच अगदी खाली आलं तर वाट वेगळी. मग ग्रंथी निर्दोष आहेत आणि कॅल्शियम दुसरं कुणीतरी वाढवतंय. कॅल्सिट्रिऑलच्या गोळ्या हे पहिलं, सोपं कारण. दुसरं, सारकॉइडोसिस किंवा टीबीसारखे आजार. त्यांतल्या गाठींमधल्या पेशी मूत्रपिंडाला न विचारता स्वतःच कामाचं डी बनवतात. सारकॉइडमध्ये घोटेही सुजतात, साठ्याचं डी कमी दिसतं, आणि कमी दिसतं म्हणून पाऊच दिलं की आगीत तेल पडतं. तिसरं कारण मायलोमासारखा अस्थिमज्जेचा आजार; पाठ सतत दुखणं, हिमोग्लोबिन घटणं, क्रिएटिनिन वाढणं असं जोडीला असेल तर रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करतात. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. खडा सहा वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे हे प्रकरण जुनं आणि संथ दिसतं. माझा कल ग्रंथीकडेच आहे. पण पीटीएच न करता ‘वयोमानाने होतं’ म्हणणं मला मान्य नाही.

समजा ग्रंथीच निघाली. गाठ या शब्दाने तुमच्या घरात काय होईल ते मी कल्पू शकते, म्हणून आधीच सांगते: पॅराथायरॉईडच्या या गाठी ९९ टक्क्यांहून अधिक वेळा साध्या असतात, कॅन्सरच्या नव्हेत. बहुतेकांमध्ये चारपैकी एकच ग्रंथी बिघडलेली असते आणि ती काढली की आजार संपतो. ऑपरेशन कुणाला करावं याचे निकष ठरलेले आहेत: कॅल्शियम लॅबच्या वरच्या मर्यादेपेक्षा १ ने जास्त, मूतखडा, हाडं ठिसूळ, मूत्रपिंडाचं काम घटलेलं, किंवा वय पन्नाशीच्या आत. तुमच्याकडे पहिले दोन आत्ताच दिसतात. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी होईल तेव्हा कंबर आणि खुब्याबरोबर मनगटाजवळच्या हाडाचीही मागून घ्या. पीटीएच हाडाचा टणक बाहेरचा थर आधी पोखरतं आणि तो पुढच्या हातात नीट दिसतो. नेहमीच्या तपासणीत ही जागा वगळली जाते. मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन या गोष्टी निदानासाठी नसतात, गाठ कुठल्या बाजूला आहे हे शोधायला असतात. स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही म्हणून आजार नाही असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पुणे किंवा कोल्हापूर तुम्हाला दूर नाही. आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) भेटा, आणि सर्जन असा निवडा जो ही ऑपरेशनं नेहमी करतो. तुम्ही वर्षाला किती करता, हे विचारण्यात गैर काही नाही.

या ऑपरेशनची एक जुनी गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल नावाच्या सर्जनकडे ट्रामवर काम करणारा एक माणूस आला. हाडं दुखून दुखून त्याला चालता येत नव्हतं, मांडीचं हाड मोडलं होतं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे पॅराथायरॉईड कमी पडतंय म्हणून हाडं खचतात, असं धरून मांडलने आधी त्याला ग्रंथीचा अर्क दिला. मग दुसऱ्याच्या शरीरातली ग्रंथी आणून त्याच्यात बसवली. उपयोग झाला नाही. शेवटी मांडलने मान उघडली, वाढलेली ग्रंथी सापडली, ती काढली, आणि तो माणूस पुन्हा चालू लागला. जे मुळात जास्त आहे तेच आणखी देत राहायचं, ही चूक शंभर वर्षांपूर्वीही झाली होती. मांडलचं मोठेपण हे की त्याने स्वतःची समजूत सोडली.

ऑपरेशनने काय होईल आणि काय नाही, हेही आधीच ठाऊक असलेलं बरं. कॅल्शियम जागेवर येईल, हाडं सावरायला लागतील, खड्यांचा धोका घटेल. तहान, पोट, झोप, मन यांतही बऱ्याच जणांना फरक जाणवतो. पण गादीत बसलेले स्फटिक निघून जात नाहीत आणि झिजलेला गुडघा नवा होत नाही. उलट, ऑपरेशननंतर कॅल्शियम झपकन उतरतं तेव्हा पहिल्या काही दिवसांत स्यूडोगाऊटचा एखादा झटका येऊ शकतो. आधी सांगून ठेवलं नसेल तर माणूस हादरतो, ऑपरेशन फसलं असं वाटतं. तेव्हा ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेत असतात. त्या दिवसांत कॅल्शियम आणि डी द्यावंच लागतं. म्हणजे पाऊच तुमचं कायमचं वैरी नाही. निदान पक्कं झालं की ऑपरेशनच्या आधीही तुमचे डॉक्टर छोट्या डोसात डी भरून काढतील, पण कॅल्शियमवर लक्ष ठेवून.

तोपर्यंत पाणी भरपूर प्या, दिवसाला दोन-अडीच लिटर, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची काही मनाई नसेल तर. दुखतंय म्हणून दिवसभर अंथरुणात राहू नका. पडून राहिल्याने हाडातून कॅल्शियम आणखी सुटतं. उलट्या सुरू झाल्या, गुंगी आली, बोलण्यात घोळ व्हायला लागला, छातीत धडधड व्हायला लागली, तर तो दिवस पत्र लिहिण्याचा नाही, थेट मोठ्या रुग्णालयात जाण्याचा आहे. कॅल्शियमचा आकडा १४ च्या वर गेला तर लक्षणं नसली तरी जायचं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असाल तर ११.३ सुद्धा आजच त्या डॉक्टरांना कळवा.

मन लागत नाही, हेही डॉक्टरांसमोर बोला. पत्रात लिहिलंत तसं शेवटी नको, पहिल्यांदा. वाढलेलं कॅल्शियम माणसाला मलूल करतं, चिडचिडं करतं, आठवण पुसट करतं, आणि घरचे म्हणतात, रिटायर झाल्यापासून अशीच वागते. तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिकवलंत. आळस तुमच्या अंगात असता तर तो आधीच दिसला असता.

राहिली नाचणी. खा, ताई. रिपोर्ट येईपर्यंत नेहमीचं जेवण चालू ठेवा. ग्रंथीचा आजार असेल आणि तुम्ही खाण्यातलं कॅल्शियम तोडलंत, तर ती ग्रंथी आणखी चेकाळते आणि लागणारं कॅल्शियम तुमच्याच हाडातून काढते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे एका भाकरीत दीडशेच्या आसपास. पेलाभर दुधात अडीचशेच्या जवळपास. दिवसाची गरज हजाराच्या आसपास, तेव्हा एका भाकरीने आणि वाटीभर ताकाने काही ओसंडून जात नाही. पीटीएच खाली आलं आणि कारण दुसरं निघालं, तर जेवणाबद्दल पुन्हा बोलू. पट्टीवर काय लिहिलंय ते आणि पीटीएचचा आकडा, दोन्ही कळवा.